शंभर वॅटचा हट्ट

"तू कशाला?" मी विचारलं.

"कुडचेअण्णांनी बोलावलंय," त्रिशला म्हणाली, आणि मॅटॅडोरचं मागचं दार उघडून आत चढलीसुद्धा. इरकल नेसलेली, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. साखरपुड्याला निघाल्यासारखी बसली.

"मुलगी बघायला चाललोय का आपण? गिटारचा अॅम्प घ्यायला चाललोय."

"म्हाईत हाय मला. तेवढ्यासाठीच यायचंय."

आता तुम्ही म्हणाल, बायको सोबत आली तर बिघडलं कुठं? बिघडलं होतं. सांगतो.

मी भूपाल मगदूम. इचलकरंजीत दिवसभर मागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बंद पडलेले यंत्रमाग चालू करून देणारा माणूस, आणि संध्याकाळी 'नवचांदणी' ऑर्केस्ट्रात लीड गिटार. त्रिशला त्याच ऑर्केस्ट्रात गायची. मगदुमांची सून स्टेजवर गाते म्हणून आमच्या भावकीनं जी बोंब ठोकली होती ती सगळी मी एकट्यानं अंगावर घेतली होती, हे आधीच सांगून ठेवतो. ऑर्केस्ट्राचा मालक दिगंबर कुडचे. त्याला काहीच वाजवता येत नव्हतं, म्हणून तो निवेदन करायचा.

रुकडीच्या उरुसात आमचा जुना ट्रान्झिस्टरचा अॅम्प धूर सोडून मेला. मी नॉब शेवटपर्यंत पिळला म्हणून मेला, असं सगळ्यांचं म्हणणं. पिळणारच! ड्रमवाला पत्रे ठोकल्यासारखा ठोकतो, कीबोर्डवाला श्वास घ्यायलाही जागा सोडत नाही, आणि माझ्या गिटारचा आवाज मलाच लागत नाही. दोन वर्षं हेच चाललं होतं. मी आवाज वाढवायचा, कुडचेनं येऊन कमी करायचा. एकदा तर गाणं चालू असताना त्यानं माझ्या अॅम्पची पिन उपटली. एवढ्या पब्लिकसमोर मी नुसत्या तारा खाजवत बसलो. तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोलायचो ते दातओठ खाऊनच.

त्या रुकडीच्या धुरातच कुडचेनं निकाल देऊन टाकला. "गणपतीच्या सुपाऱ्या घेऊन बसलोय. नवा अॅम्प घेऊ. पण त्रिशलावहिनी हो म्हणतील तोच घ्यायचा. न्हाई जमलं तर जयसिंगपूरचा प्रफुल्ल खोत त्याची गिटार, त्याचा अॅम्प घेऊन यायला एका पायावर तयार हाय."

म्हणजे खुर्ची गेली. ऑर्केस्ट्राला नाव नव्हतं तेव्हापासून मी त्या खुर्चीवर बसत होतो. आणि ती ठेवायची की काढायची हे आता माझी बायको ठरवणार होती. माझ्या घरात, माझ्या ताटात जेवण वाढणारी बाई! त्या दिवसापासून मी तिच्याशीही सरळ बोललो नव्हतो.

मला काय हवं ते मात्र पक्कं ठाऊक होतं. व्हॉल्व्हचा अॅम्प, आणि तोही शंभर वॅटचा. आता हे व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे दिवे. चालू केल्यावर हळूहळू तापतात, आत तार लाल होते, आणि मग आवाज येतो. पण येतो कसा! ट्रान्झिस्टरचा आवाज कानाला लागतो, व्हॉल्व्हचा छातीला लागतो. खालची जाड तार छेडली की बरगड्यांना कळतं. मिरजेचा सॅम्युएल आवळे बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजची यंत्रं उचलून त्यातून गिटारचे अॅम्प बांधतो असं कळलं होतं. तंबूतल्या सिनेमाचा आवाज शेजारच्या गावाला जायचा. माझा का जाऊ नये?

मी पुढं बसलो. कुडचे गाडी चालवत होता. हातकणंगले सोडलं आणि तो एकदम हसला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाई. वहिनी काय तरी म्हणाल्या."

मी मागं वळून बघितलं. त्रिशला खिडकीतून ऊस बघत होती. हे बघा, हे असं. माझ्या पाठीमागं कुजबुजायचं, आणि वळून बघितलं की तोंडात मिठाची गुळणी. घरात दुसरीच तऱ्हा. मी पेपर वाचत असलो की समोर येऊन उभी राहणार, पेपर हातानं खाली करणार आणि मग बोलणार. भांडणाची खुमखुमी, दुसरं काय? मी म्हणायचो, तिथनं सांग की. तर म्हणायची, न्हाई, तोंडाकडं बघा माझ्या.

"मला ऐकू येतं," मी कुडचेला म्हणालो. "माझ्या मागं काय चाललंय ते समजतं मला. कान लई तिखट हाय माझा."

हे मी उगाच म्हणत नव्हतो. मागाच्या शेडमध्ये सगळे माग एकदम चालतात तेव्हा नवखा माणूस कानांवर हात ठेवून बाहेर पळतो. शेजारी उभं राहून बोंबललं तरी कळत नाही. पण मला पार पलीकडच्या टोकाचा कामगार काय सांगतोय ते बरोबर कळायचं. धोटा अडकलाय, पट्टा घसरलाय, चहाला येतोस का. कारखान्यात सगळे म्हणायचे, भूपालचा कान म्हणजे कान.

कुडचेनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि गियर बदलला.

मिरजेत सतारी बनवणारी घरं पुष्कळ. सॅम्युएलचं घर त्यांच्या गल्लीच्या टोकाला होतं. पुढच्या खोलीत दुकान, मागं संसार. माणूस साठीकडं झुकलेला, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आणि तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. आम्हाला बसा म्हणाला नाही. मी गिटार काढली तशी ती हातात घेऊन उलटी केली, मागून बघितली आणि परत दिली.

"कुठं वाजवता?"

"मंडपात. उरुसात. गणपतीत."

"मग हा घ्या. वीस वॅट," त्यानं टेबलावरचं एक खोकं दाखवलं.

"शंभरचा हाय म्हणे तुमच्याकडं."

"आहे. तो कशाला? सांगलीला ऐकवायचंय?"

कुडचे खो खो हसला. त्रिशलानं पदर तोंडाला लावला. मी म्हणालो, "सांगलीला न्हाई. स्टेजवर माझ्या शेजारी उभी राहणारी माणसं हायत ना, त्यांना ऐकवायचंय. बहिरी झाल्यात सगळी."

ह्यावर कुणीच हसलं नाही.

वीस वॅटचा मी वाजवला. डबडं! मी तसं तोंडावर सांगितलं. सॅम्युएलनं पिन काढून चाळीसवाल्यात घातली. दिवे तापले. मी खालचे दोन सूर छेडले, ते बरे लागले, जरा अंगात भिनले. मग वरच्या पट्टीत गेलो तर गिटार बोलेनाच. वरच्या सुरांत जी धार असते ती नाहीच, नुसतं कोमट पाणी.

"हाच," त्रिशला मागून पुढं येत म्हणाली. "हाच घ्या. गोड हाय. गाणाऱ्याच्या आवाजाखाली बसतोय."

"गाणाऱ्याच्या खाली बसवायलाच गिटार असती का?"

"मी काय म्हणाले? आवाजाखाली म्हणाले. डोक्यावर न्हाई म्हणाले."

"तू गप. तुला गाण्यातलं कळतं, अॅम्पमधलं न्हाई कळत."

"अॅम्प गाण्यासाठीच घेताय न्हवं? का उसाला पाणी पाजायला?"

सॅम्युएलनं दोन्ही हात कमरेवर ठेवले. "तुमचं नवरा-बायकोचं झालं की सांगा. मला दुसरी कामं आहेत."

"शंभरचा लावा," मी म्हणालो.

लावला. काय यंत्र होतं ते! लोखंडी पेटी, वर चार मोठे व्हॉल्व्ह, पुढं एवढे जाडजूड नॉब. खाली स्पीकरचं कपाटच होतं म्हणा ना. सॅम्युएलनं बजावलं, स्पीकरची वायर निघाली आणि अॅम्प चालू राहिला तर आतला ट्रान्सफॉर्मर जळतो, तेव्हा वायरला पाय लावू नका. मी मान डोलावली आणि व्हॉल्व्ह लाल व्हायची वाट बघत उभा राहिलो. मग मारला पहिला कॉर्ड.

खिडकीची तावदानं हलली. भिंतीवरच्या फळीवरून स्क्रूचा डबा खाली पडला. माझ्या पोटात, मांड्यांत, दातांत सगळीकडं आवाज लागला आणि मला वाटलं, अरे, हे! हेच तर हवं होतं! दोन वर्षांत पहिल्यांदा मला माझी गिटार भेटली. डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत. मी वाजवत राहिलो.

वळून बघतो तर त्रिशलानं दोन्ही कान घट्ट दाबून धरले होते. कुडचे दारापर्यंत मागं सरकला होता. सॅम्युएल पुढं येऊन एक नॉब कमी करायला लागला तसा मी त्याचा हात धरला.

"हात लावायचा न्हाई."

"अहो, ट्रेबल पूर्ण उघडलाय तुम्ही. सुया टोचताहेत कानात."

"ट्रेबल? हाय कुठं ट्रेबल ह्यात? उलट तेच कमी हाय. बाकी सगळं झकास, वरचा सूर तेवढा खातोय. तुमच्या सगळ्याच अॅम्पना तो रोग दिसतोय."

सॅम्युएलचं तोंड एरंडेलाहून वाईट झालं. "माझ्या अॅम्पना रोग?"

"मग काय? आमच्या जुन्याला पण होता. बाजारात सगळा तसलाच माल यायला लागलाय. नॉब नुसते शोभेला."

"साहेब, मी हातानं बांधलेत हे. ह्या नॉबला काही होत नाही म्हणणारा पहिला माणूस तुम्ही."

"होत असेल तर दाखवा."

"दाखवतो," तो म्हणाला. चष्मा नाकावर चढवला. "तिकडं तोंड करा. भिंतीकडं. वाजवत राहा. मी इकडं ट्रेबल वरखाली करतो. फरक पडला की हात वर करायचा. बघू या कुणाला रोग आहे."

मी म्हणालो, चालेल. भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. समोर कॅलेंडर, त्यात मेंढरांबरोबर उभा असलेला येशू. वरच्या पट्टीत एक चाल वाजवायला सुरुवात केली. वाजवली, पुन्हा वाजवली. म्हातारा काही सुरू करेना. मी मनात म्हटलं, आता करेल, मग करेल. ती चाल वाजवून वाजवून माझी बोटं दुखायला लागली, तरी आवाज आहे तसाच. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा मला खेळवतोय. नॉबला हात न लावता उभा असणार, आणि ही दोघं तिकडं हसत असणार.

मी गर्रकन वळलो.

सॅम्युएलचा हात नॉबवरच होता. कुडचे फरशीकडं बघत होता.

"सुरू केलंच न्हाईस की!" मी ओरडलो. रागात अहोजाहोही विसरलो. "फसवतोस व्हय?"

"पार शून्यावर नेला. परत पूर्ण उघडला. असं चार-पाच वेळा," सॅम्युएल म्हणाला. आता तो चिडलेला दिसत नव्हता, आणि ते मला जास्तच झोंबलं.

"खोटं बोलतोस. तू खोटं बोलतोस, आणि ह्या दोघांनी तुला पढवलंय. कळतंय मला. मला काढायचा हाय न्हवं कुडचे? सरळ काढ की मर्दासारखा! प्रफुल्लला आण, डोक्यावर घेऊन नाच. त्यासाठी मिरजेपर्यंत कशाला आणलंस? आणि बायकोला माझ्यावर साक्षीदार म्हणून बसवतोस? लाज वाटत न्हाई?"

"भूपाल, जरा ऐक..."

"काय ऐकायचं? कुणाचं ऐकायचं? दोन वर्षं ऐकतोयच की तुमची कुजबुज!"

त्रिशला मधे आली. माझ्या अगदी पुढ्यात, नेहमीसारखी तोंडासमोर. तिचे डोळे लाल झाले होते. "परत एकदा फिरा," ती म्हणाली. "भिंतीकडं तोंड करा. वाजवू नका. नुसतं उभं राहा."

"कशाला?"

"माझ्यासाठी. एवढं करा. मग शंभर वॅटचा घ्या, न्हाई तर हजारचा घ्या, मी तोंडातनं अक्षर काढणार न्हाई."

कुडचेनं मान हलवून कबूल केलं. मी म्हटलं, ठीक आहे, जिंकलो. फिरलो आणि उभा राहिलो. शंभर वॅटच्या त्या धुडाची घुंग घुंग खोलीत भरून राहिली होती. मी येशूची मेंढरं बघत होतो. लांब रस्त्यावर कुणी काही तरी बोलल्यासारखं वाटलं, ते माझ्या कामाचं नव्हतं. मी वाट बघत होतो की ही काय करणार. मागून येऊन पाया पडणार की आणखी कसलं नाटक करणार? काहीच होईना. शेवटी कंटाळलो आणि वळलो.

सॅम्युएलच्या बायकोला, मार्थाबाईंना, मी तोवर पाहिलंच नव्हतं. त्या आतल्या दारात उभ्या होत्या, हात पिठानं भरलेले, आणि आ वासून त्रिशलाकडं बघत होत्या. सॅम्युएलनं चष्मा काढून हातात धरला होता. कुडचेचं तोंड असं झालं होतं की जणू त्याच्याच घरात कुणी गेलंय. आणि त्रिशला! गळ्यापासून कपाळापर्यंत लाल, पर्स खाली पडलेली. माझ्या डोळ्यांत डोळे घालून तिनं तोंड उघडलं. ओठ मिटले, पुढं आले, परत मिटले, मग उघडले आणि जीभ टाळ्याला लागली.

भू. पा. ल.

माझं नाव होतं ते. माझं नाव मी तिच्या तोंडावर बघितलं. ऐकलं नाही.

आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. आता घेतात, तेव्हा नव्हत्या घेत. अहो, ऐकलंत का, फार तर आमचे हे. रेशनकार्डाच्या रांगेत कारकुनानं नाव विचारलं तर त्रिशला शेजारणीला पुढं करायची, तुम्ही सांगा हो म्हणून. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, ते बँडच्या गोंगाटात कुणी ऐकलं? आणि हिनं इथं, परक्याच्या दुकानात, चारचौघांत!

माझं डोकंच फिरलं. "नाव घेतेस? लाज सोडलीस का? परक्या माणसांसमोर नवऱ्याचं नाव घेतेस?"

"पाचदा घेतलं," ती म्हणाली. "पहिल्यांदा हळू घेतलं. जीभ वळत न्हवती. मग जरा मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं. शेवटच्याला बाई आतनं पळत आल्या, काय झालं म्हणून."

मार्थाबाईंनी पिठाचा हात छातीवर ठेवला.

"अॅम्प चालू हाय," मी म्हणालो. "एवढी घुंग घुंग चालल्यावर कुणाला ऐकू येणार?"

सॅम्युएल खाली बघत म्हणाला, "बंद केलाय मी. तुम्ही फिरलात तेव्हाच बंद केला."

मी अॅम्पकडं बघितलं. दिवा विझलेला. व्हॉल्व्हमधली लाल तारही काळी पडलेली. आणि घुंग घुंग चालूच होती. माझ्या डोक्यात. मी स्पीकरच्या कपाटावर तळहात ठेवला. ते गप्प होतं.

कुणी काही बोललं नाही. म्हणजे बोललं असेलही, मी कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हतो.

त्रिशलानं माझी हनुवटी धरून वर केली, शाळेतल्या पोराची धरतात तशी. "दोन वर्सं झाली. मागनं बोलायचं सोडलंय मी तुमच्याशी. आधी वाटायचं मुद्दाम करता. कुकरच्या शिट्ट्या मोजा म्हणून सांगावं तर भात करपून कोळसा, आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचताय. लई शिव्या घातल्या मी तुमास्नी मनात. मग कळलं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं की! किती वेळा सांगितलं! दर वेळी एकच उत्तर, माझा कान तिखट हाय, शेडमधलं मला सगळं कळतं."

"कळतंच की."

आता कुडचे पुढं आला. "भूपाल, शेडात आवाज कुणाला येतोय? तोंड बघून कळतंय सगळ्यांस्नी. मी बी माग चालवलेत. जुनी माणसं सगळी तशीच. तिखट हायत ते डोळं तुझं."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"सगळ्या ऑर्केस्ट्राला ठाऊक हाय. म्हणून तर प्रफुल्लला विचारून ठेवलंय." मग तो त्रिशलाकडं वळला, पण मला त्याचं तोंड दिसत होतं. "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. पण आता हे चालायचं न्हाई. गणपती तोंडावर आलाय. मी प्रफुल्लला कळवतो."

आजही ते आठवलं की माझी मूठ वळते. कानफटात द्यायची इतकी अनावर इच्छा मला आयुष्यात पुन्हा झाली नाही. पण मी हात उचलायच्या आत त्रिशला त्याच्यासमोर उभी राहिली होती.

"कुणाला कळवताय? तुमच्या तोंडचे शब्द हायत, वहिनी हो म्हणतील तोच अॅम्प. हा चाळीस वॅटचा. मी हो म्हटलंय. गिटार हेच वाजवणार."

"आणि ह्यानं परत नॉब पिळले तर?"

"नॉब मी लावणार."

"कोण?" मी विचारलं.

"मी लावणार. किती बास, किती ट्रेबल, किती आवाज, सगळं मी ठरवणार. तुम्ही वाजवायचं."

"माझ्या अॅम्पला तू हात लावायचा न्हाईस."

"बरं. मग प्रफुल्ल खोत त्याच्या अॅम्पला लावंल."

एवढी कडू बाई! मला वाटलं होतं, हिला दया आली असेल. तोंडावर कुठं दया नव्हती. गिटारवाल्याच्या हातातून नॉब काढून घेणं म्हणजे काय असतं हे ज्यानं वाजवलंय त्यालाच कळेल. स्वयंपाकात मीठ किती घालायचं हे शेजारणीनं ठरवायचं आणि रांधायचं मात्र आपण. मी तिच्याकडं बघितलं, कुडचेकडं बघितलं. कुडचे घड्याळात बघत होता. त्याला घाई झाली होती.

मी चाळीस वॅटच्या त्या अॅम्पकडं गेलो. पहिला नॉब धरला आणि उपटला.

"अहो, अहो," सॅम्युएल धावला. मी त्याला कोपरानं बाजूला केला. दुसरा उपटला, तिसरा उपटला. सगळे ओढून काढले, नुसते लोखंडी दांडे उरले. जमिनीवर पडलेली तिची पर्स उचलली, उघडली आणि सगळे नॉब आत ओतले.

"घे," मी म्हणालो. "बांध पदराला."

तिनं पर्स घेतली, बंद केली, काखेत धरली. "गाडीत ठेवायला सांगा अॅम्प," ती कुडचेला म्हणाली. परतीच्या वाटेवर तिघांपैकी कुणीही कुणाशी बोललं नाही. निदान मी तरी कुणाकडं वळून बघितलं नाही.

त्या गणपतीत पहिला कार्यक्रम कुरुंदवाडला झाला. संध्याकाळी मांडणी झाल्यावर त्रिशला स्टेजवर आली, पर्समधून नॉब काढले, दांड्यांवर बसवले. मला म्हणाली, वाजवा. मी वाजवलं. ती मंडपाच्या पार टोकाला गेली, ऐकलं, परत आली, हे थोडं कमी, ते थोडं जास्त केलं. मग सगळे नॉब काढून पर्समध्ये टाकले आणि साडी बदलायला गेली. मी बोडक्या दांड्यांकडं बघत बसलो. पुढं कितीतरी वर्षं हे असंच चाललं. एकदा मी खिशात पकड लपवून नेली आणि गाण्याच्या मधे हळूच एका दांड्याला लावली. कडवं अर्धवट नव्हतं सोडलं तिनं, पण गाता गाता असं बघितलं माझ्याकडं की मी पकड परत खिशात घातली. प्रफुल्ल खोत काही आला नाही. त्या अॅम्पचा आवाज लोकांना फार आवडायचा. कसा होता ते मला विचारू नका, मला फक्त बरगड्यांनी ऐकलेला ठाऊक आहे.

गेल्या वर्षी लेकीनं जबरदस्तीनं कानात मशीन बसवून आणलं. पहिल्या दिवशी घरी आलो आणि कुकरची शिट्टी झाली तसा जागेवरून उडालोच. त्रिशला ओट्याशी भाजी चिरत होती, माझ्याकडं पाठ करून. विळी टाकून ती आता सुरीनं चिरते. सुरी फळीवर आपटते तेही ऐकू येत होतं. मी दारात उभा राहिलो. कसं विचारावं समजेना, म्हातारपणी लाजलो. शेवटी म्हणालो, "एकदा घे की."

"काय?"

"नाव. तेव्हा घेतलंस ते. मी ऐकलंच न्हाई."

सुरी थांबली. ती काही वळली नाही, तोंडासमोर आली नाही.

"आता ऐकू येतंय न्हवं तुमास्नी?" तिकडं तोंड करूनच तिनं विचारलं.

"येतंय."

"मग नाव कशाला घ्यायचं?" ती म्हणाली, आणि पाठमोरीच भाजी चिरत राहिली.